सगळ्या पेशंटचे श्वास २०? नर्सिंगचं संशोधन, सिनॉप्सिस आणि वॉर्डातला विचार

रेशीमबाग_रोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नागपुरात एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मेडिकल सर्जिकल. त्याआधी खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ होते. आता सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायचाय. विषय सुचवा म्हणून धागा काढलेला नाही, विषय सुचवणारे पुष्कळ भेटतात.

आमच्या लायब्ररीत जुन्या डिझर्टेशनचं एक कपाट आहे. मरून बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. सगळे कप्पे चाळले. जवळपास प्रत्येक पुठ्ठ्यावर तेच: 'अमुक विषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता, शहरातील निवडक रुग्णालयांतील स्टाफ नर्सेसमध्ये.' अमुकच्या जागी कधी बेडसोर, कधी हँडवॉशिंग, कधी कॅथेटर केअर. आधी प्रश्नपत्रिका, मग पाऊण तास फ्लिपचार्ट, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका. ज्ञान वाढलं. पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०५ च्या आत. हायपॉथेसिस अ‍ॅक्सेप्टेड. पुढे आभार.

आणि तिकडे वॉर्डात टीपीआर चार्ट (टेम्परेचर, पल्स आणि मिनिटाला श्वास) उघडा. टेम्परेचर वेगवेगळं, पल्स वेगवेगळी, श्वास मात्र सगळ्यांचे २०. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्याचे २०, निमोनियाच्या आजोबांचे २०, सकाळी २०, रात्री २०.

संशोधनाच्या पुस्तकात समस्या, उद्दिष्टं, चल, नमुना सगळं आहे. वॉर्डात 'या पेशंटचं काहीतरी बिनसतंय' हे ओळखणंही आहे. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे का? की संशोधन म्हणजे डिग्रीसाठी भरायचा टोलनाका? अनुभवी मंडळींनी सांगावं.

आयसीयू_वाला_ब्रदर

ताई, तू एवढा विचार करून राहिली तर सिनॉप्सिस कधी देशील? गाईड म्हणते तो विषय घे, टूल (मोजायची प्रश्नपत्रिका) तज्ज्ञांकडून व्हॅलिडेट कर, सॅम्पल ६० घे अन् मोकळी हो. माझं तसंच झालं. आता आयसीयूत आहे, अन् त्या डिझर्टेशनबद्दल मले आजपर्यंत कोणी एक शब्द विचारला नाही.

श्वासाचं म्हणशील तर आमच्याकडे मॉनिटर आहे, तो दाखवते. वॉर्डात एका सिस्टरच्या अंगावर केवढे पेशंट असते ते तुले माहीत आहे. प्रत्येकाचा मिनिटभर श्वास मोजायचा तर राऊंड कधी, इंजेक्शन कधी, इन्टेक-आउटपुट कधी?

उंटखाना_सिस्टर

ब्रदर, वेळेचं खरं आहे. पण मॉनिटरचं अर्धंच खरं आहे. ईसीजीच्या लीडवरून येणारा श्वासाचा आकडा पेशंट हलला, खोकला, बोलला की भलतंच काही दाखवतो. हे तुला सांगायला नको.

मी सरकारी नोकरीतून रिटायर झाले, इन्चार्ज म्हणून. धागाकर्तीने विचारलंय त्याचं उत्तर एका पेशंटवरूनच देते.

आपल्या विदर्भात सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार) किती, ते इथल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात कळतं. इव्हिनिंगला ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून चार्ज) घेताना मला सांगितलं, 'सिकलसेल क्रायसिस, दुसरा दिवस, पेन चालू, व्हायटल्स स्टेबल.' म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, बाकी ताप-नाडी-बीपी-श्वास ठीक. चार्टवर श्वास २०, २०, २०. तरुण मुलगी, भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोलताना तीन शब्दांनंतर थांबत होती. मी मनगट धरून पल्स मोजल्यासारखं केलं आणि मिनिटभर छातीकडे पाहिलं. श्वास ३२. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४.

आता इथे खरा अभ्यास सुरू होतो. श्वास वाढायची कारणं काय? दुखतंय म्हणून वाढेल. ताप असेल तर वाढेल. सलाईन जोरात चाललं असेल तर फुप्फुसात पाणी साठून वाढेल. किंवा सिकलसेलमध्ये ज्याची सगळ्यात भीती, ते फुप्फुसाचं अचानक उद्भवणारं गंभीर दुखणं, म्हणजे अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम. चारही शक्यता डोक्यात ठेवून एकेक खोडायची. ताप अंगाला हात लावून जाणवण्याइतका नव्हता, थर्मामीटरने किंचित होता. सलाईनचा हिशेब पाहिला, जादा गेलेलं नव्हतं, पायावर सूज नाही. राहिलं दुखणं. पेनचा डोस ड्यूच होता, तो दिला आणि अर्ध्या तासाने परत मोजलं. ती म्हणाली, 'सिस्टर, आता बरं वाटतंय.' चेहराही सैल झाला होता. श्वास ३०. म्हणजे दुखणं उतरलं आणि श्वास उतरला नाही. एकट्या दुखण्याने हे होत नव्हतं. रेसिडेन्टला फोन केला तेव्हा 'पेशंट बरी दिसत नाही' असं नाही म्हटलं. 'पेन कमी होऊनही श्वास ३०, डोसच्या आधी ३२, सॅच्युरेशन ९४, छातीच्या उजव्या बाजूला खाली एअर एन्ट्री कमी वाटते' असं म्हटलं. तो लगेच आला. एक्स-रेत उजवीकडे खाली नवी सावली निघाली.

यात गृहीतक आहे, पर्यायी कारणं आहेत, एक बदल करून परिणाम पाहणं आहे, मोजमाप आहे. पुस्तकात नर्स निर्णय कसा घेते याचं टॅनर बाईंचं २००६ सालचं मॉडेल शिकवतात ना, लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून तपासणं, ते हेच. फरक इतकाच की वॉर्डात हे एका पेशंटपुरतं होतं, आणि संशोधनात तोच प्रश्न पुष्कळ पेशंटना विचारायचा असतो.

सांख्यिकी_सदर

सिस्टरांची पोस्ट सेव्ह केली. मी नर्स नाही, वैद्यकीय आकडेवारीचं काम करतो, दरवर्षी नर्सिंगच्या मुली डेटा घेऊन येतात. धागाकर्तीच्या कपाटाबद्दल बोलतो.

एकाच गटाला आधी परीक्षा, मग शिकवणी, मग तीच परीक्षा. मार्क वाढणारच. न शिकवताही थोडे वाढले असते, कारण पहिल्या पेपरनंतर माणूस उत्तरं शोधतो, शेजारणीला विचारतो. पहिल्यांदा अगदी कमी मार्क पडलेल्यांचे दुसऱ्यांदा आपोआप जरा वर सरकतात. तुलनेला दुसरा गट नसेल तर यातलं किती शिकवण्यामुळे आणि किती असंच, हे सांगता येत नाही. मग पी व्हॅल्यू कितीही छोटी असो.

तुलना काय करते ते पाहायचं तर व्हिएन्नाचा डॉक्टर सेमेलवाइस. त्याच्या हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्यात माता दगावण्याचं प्रमाण सुमारे १० टक्के, दुसऱ्यात सुमारे ४. इमारत तीच, शहर तेच, हवा तीच. म्हणजे हवा, गर्दी, देवाची मर्जी ही सगळी कारणं बाद. उरलं काय, तर शवविच्छेदनाहून थेट येणारे डॉक्टर-विद्यार्थ्यांचे हात. १८४७ मध्ये त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू घसरले. दुसरा विभाग नसता तर त्याला हे कळलंच नसतं. फारसं कोणी त्याचं ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे ज्ञान मोजून काय मिळणार? हात कधी धुवायचे हे न माहीत असलेली सिस्टर मला दाखवा. प्रश्न ज्ञानाचा नाहीच. बेसिन कुठे आहे, साबण आहे का, पाच मिनिटांत किती पेशंट, हा आहे.

ट्यूटर_मॅडम

गाईड लोकांची बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहिते. मी कॉलेजात शिकवते.

विद्यार्थिनीच्या हातात प्रत्यक्ष डेटा गोळा करायला जेमतेम काही आठवडे असतात. पेशंटवर काही करायचं तर एथिक्स कमिटी शंभर प्रश्न विचारते, आणि विचारायलाच हवेत. हॉस्पिटलची परवानगी वेगळी. रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणं) म्हटलं की मेट्रन ऑफिसला घाम फुटतो. अशा वेळी स्टाफला प्रश्नपत्रिका देणं हाच पार पडणारा मार्ग असतो. आम्हाला हौस नाही.

शिवाय सगळं ज्ञान आकड्यात येत नाही. नर्सिंगच्या अभ्यासक कार्पर यांनी १९७८ मध्ये नर्सिंगच्या ज्ञानाचे चार प्रकार सांगितले: अनुभवजन्य-शास्त्रीय, नैतिक, वैयक्तिक आणि सौंदर्यदृष्टीचं. दुसऱ्या अभ्यासक बेनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की तज्ज्ञ नर्स नियम जुळवत बसत नाही, तिला परिस्थिती एका नजरेत दिसते. उंटखाना सिस्टरांना मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसली, मोजणं त्यानंतर. ती नजर कुठल्या टूलने मोजणार?

उंटखाना_सिस्टर

मॅडम, नजरेचं मान्य. पण नजर चुकते तेव्हा तिला धरायला आकडा लागतो. 'मला वाटलं' म्हणून रेसिडेन्ट रात्री दोनला उठत नाही, ३२ म्हटल्यावर उठतो. सिकलसेलच्या पेशंटच्या बाबतीत तर नजरेचा धोकाच जास्त. परत परत अ‍ॅडमिट होणारी मुलं, पेनचं इंजेक्शन मागणारी. 'याला सवयच लागली आहे' हेही अनुभवी नजरेचंच वाक्य असतं. वेदनेवर काम करणाऱ्या नर्स मॅककॅफरी बाई १९६८ पासून सांगत होत्या, वेदना म्हणजे पेशंट सांगेल ती.

आता त्या मुलीचा पुढचा भाग. दुखण्यामुळे खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग आखडतो, तिथे चेस्ट सिंड्रोमला वाट मिळते. १९९५ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. छाती-पाठ दुखते म्हणून दाखल झालेल्या सिकलसेलच्या मुलांपैकी काहींना जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरने दहा खोल श्वास घ्यायला लावले, काहींना नाही. घेणाऱ्यांत १९ पैकी १ वेळा फुप्फुसाची गुंतागुंत झाली, न घेणाऱ्यांत १९ पैकी ८ वेळा. आपल्याकडे ऑपरेशनच्या पेशंटला देतात तेच तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र. हे कोण करून घेणार? डॉक्टर नाही, सिस्टरच.

आयसीयू_वाला_ब्रदर

१९ पैकी १ अन् १९ पैकी ८, हे भारी आहे ना बाप्पा. आपल्या लोकांनी केलेलं काम नसतेच असं नाही. पहिले व्हेनफ्लॉन (शिरेतली सलाईनची नळी, कॅन्युला) बंद पडू नये म्हणून हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध मारत. १९९१ मध्ये नर्स-संशोधकांनीच जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं, हाताच्या शिरेतल्या कॅन्युलाले साधं सलाईन तेवढंच चालते. एक औषध कमी, एक धोका कमी.

पण मले एक सांगा. बॅक केअरचं काय? आम्हाले फर्स्ट इयरले स्पिरिट अन् पावडर लावून पाठ चोळायला शिकवलं, हाडाच्या जागी जोरात, रक्त फिरते म्हणून. आता म्हणते चोळू नका. कोणाचं ऐकायचं?

ट्यूटर_मॅडम

चोळू नका, हेच बरोबर. लाल झालेल्या जागी आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दाबाने दुखावलेल्या असतात, चोळल्याने त्या आणखी फाटतात. स्पिरिट कातडी कोरडी करतं. बेडसोरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही धोक्याच्या जागी मसाज नको असंच म्हटलंय. प्रोसिजरच्या वहीत मात्र स्पिरिट-पावडर अजून आहे, कारण प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तो ट्रे लावावा लागतो. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, तेही वाचलेलं बरं. अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होममधल्या वृद्धांवर एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणाऱ्यांत बेडसोरच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

आयसीयू_वाला_ब्रदर

म्हणजे चार तासांनी चालते! वा.

उंटखाना_सिस्टर

थांब रे बाबा. त्या लोकांखाली गादी कुठली होती ते वाच. दाट फोमची, दाब वाटून घेणारी. आपल्या जनरल वॉर्डात रेक्झिनची, मध्ये खड्डा पडलेली. वर मे महिना, पारा पंचेचाळीसला, कूलर वॉर्डाच्या एका टोकाला, पाठ घामाने चिंब, चादर गोळा झालेली. पेशंट डायबेटिक, रक्तातलं प्रोटीन (अल्ब्युमिन) खाली. त्या अभ्यासातून आपल्याकडे 'चार तास' उचलून आणायचे नसतात. कूस किती वेळाने बदलायची हे खाली काय आहे आणि वर कोण आहे यावर ठरतं, एवढं उचलायचं. आपल्या गादीवर, आपल्या उन्हाळ्यात दोन तासही पुरतात का, हे कोणी तपासलंय? धागाकर्ती, घे विषय.

धंतोलीकर

मी पेशंटचा नातेवाईक या नात्याने वाचतोय. वडील दाखल असताना बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं दिवसातून कितीदा तरी बघत. श्वास मोजताना कोणाला पाहिलं नाही. बोटाला ते यंत्र लावलेलं असताना श्वास वेगळा मोजायची गरजच काय?

सांख्यिकी_सदर

हे सिस्टरांनी सांगावं.

उंटखाना_सिस्टर

चांगला प्रश्न. बोटावरचं यंत्र रक्तात ऑक्सिजन किती भरलाय ते सांगतं. तो राखायला शरीर किती कष्ट घेतंय ते सांगत नाही. माणूस आतून बिघडायला लागला की आधी श्वास वाढवून ऑक्सिजन सांभाळतो, आकडा ९७-९८ दिसत राहतो. दमला की मग आकडा पडतो, तोपर्यंत उशीर. शुगर वाढून रक्त आम्ल झालेल्या पेशंटचं सॅच्युरेशन ९९ असतं आणि श्वास भात्यासारखा चालतो. वरून ऑक्सिजनचा मास्क लावला असेल तर आकडा आणखीच फसवा. म्हणून पेशंट बिघडतोय का ते ओळखायच्या इंग्लंडमधल्या न्यूज-२ स्कोअरमध्ये श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला थेट २ गुण आणि २५ किंवा वर असेल तर ३ गुण. एकट्या श्वासाला ३ मिळाले तरी तातडीने पाहायला बोलवायचं. आता विचार करा, सगळीकडे २० लिहिलं की तिथे कायमचा शून्य.

आणि एक सांगते, गडचिरोलीचं. इथून काही तासांवर. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लहान मुलांच्या निमोनियासाठी गावातल्या दायांना श्वास मोजायला शिकवलं. दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या बायांसाठी साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर निमोनिया. तुलनेला दुसरी गावं ठेवली, निमोनियाने मुलं मरण्याचं प्रमाण उतरलं, १९९० मध्ये लॅन्सेटला छापून आलं. ती दाई एक मिनिट मोजते. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

रेशीमबाग_रोड

हे गडचिरोलीचं वाचून बसूनच राहिले. माझा प्रश्न असा ठरतोय: वॉर्डात चार्टवर लिहिलेला श्वास आणि प्रत्यक्ष एक मिनिट मोजलेला श्वास यात किती फरक असतो? शिकवणी नाही, प्रश्नपत्रिका नाही. सांख्यिकी सर, हे टिकेल का?

सांख्यिकी_सदर

टिकेल, आणि कपाटातल्या कितीतरींपेक्षा चांगलं टिकेल. काही गोष्टी सांभाळा.

फक्त २० दिसले म्हणजे न मोजता लिहिले असं धरू नका. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर १६, २०, २४ एवढेच आकडे येतात. पाच श्वास म्हणजे २०. एक श्वास इकडे-तिकडे झाला तर चारचा फरक. ३० सेकंद मोजून दुप्पट केलं तर सगळे सम आकडे. म्हणून आधी जुन्या चार्टांवरचे आकडे कसे पसरलेत ते पाहा, विषम आकडा मुळात दिसतो का ते पाहा. तेवढ्यावरूनच वॉर्डात काय पद्धत आहे ते उमगतं.

मग सिस्टरने नोंद केल्यापासून ठरावीक वेळेच्या आत तुम्ही मोजायचं. दोन तासांनी मोजलंत तर फरक पेशंटमध्ये झाला की नोंदीत, कळणार नाही. विश्लेषणात कोरिलेशन (दोन आकडे सोबत वर-खाली होतात का) काढून खूश होऊ नका, दोन मोजमापं जुळतात का हे ब्लँड-आल्टमनच्या पद्धतीने पाहा, ती १९८६ पासून याचसाठी वापरतात. स्टाफला 'श्वासाच्या नोंदी तपासतेय' असं सांगितलंत तर त्या आठवड्यात सगळ्याच जणी मोजतील. 'व्हायटल्सच्या नोंदींचा अभ्यास' एवढंच सांगायचं, आणि हे असं अर्धवट सांगणार आहोत ते एथिक्स कमिटीला आधीच पूर्ण लिहून द्यायचं.

ट्यूटर_मॅडम

नोंद कोणी केली त्या सिस्टरचं नाव, सही, ड्युटी काहीही फॉर्मवर घेऊ नका. उद्या मेट्रनने यादी मागितली तर तुमच्याकडे ती असताच कामा नये. नाहीतर निष्कर्ष म्हणून चार जणींना मेमो निघतील आणि तुम्हाला त्या वॉर्डात कोणी उभं करणार नाही.

आणि मोजताना एखाद्याचे ३० निघाले तर?

रेशीमबाग_रोड

तर… चार्टवर २०, माझ्या फॉर्मवर ३०. संशोधक म्हणून मी ढवळाढवळ करायची नाही ना?

उंटखाना_सिस्टर

करायची. त्याच मिनिटाला इन्चार्जला सांगायचं. तू आधी रजिस्टर्ड नर्स आहेस, मग विद्यार्थिनी. फॉर्मवर आकडा आधी लिहून टाक म्हणजे डेटा बिघडत नाही, मग सांग. किती आकड्याला कोणाला कळवायचं ते सिनॉप्सिसमध्येच लिही. २५ किंवा वर, किंवा ८ किंवा खाली, लगेच कळवणार. कमिटी हेच पहिलं विचारेल.

रेशीमबाग_रोड

अपडेट. गाईड मॅडमना कच्चा सिनॉप्सिस दाखवला. नाही म्हणाल्या नाहीत. विचारलं एवढंच की तू मोजलेलेच बरोबर कशावरून.

सांख्यिकी_सदर

गाईड चांगल्या आहेत तुमच्या. पायलटमध्ये (मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत) एका मैत्रिणीला घ्या. एकाच पेशंटचे, एकाच मिनिटात, दोघींनी वेगवेगळे मोजायचे, एकमेकींना न दाखवता लिहायचे. पेशंटला श्वास मोजतोय हे कळू द्यायचं नाही, कळलं की तो बदलतो, सिस्टरांची मनगटाची युक्ती वापरा. तुमच्या दोघींच्या आकड्यांत एखाद-दुसऱ्या श्वासापेक्षा जास्त फरक येत असेल तर मुख्य अभ्यास सुरू करू नका, आधी मोजायचा सराव करा. हा तक्ता सिनॉप्सिसला जोडा.

आयसीयू_वाला_ब्रदर

मैत्रीण नसेल तर मी येतो. नाईट ऑफ गुरुवारी असते. सेकंदकाट्याचं घड्याळ आहे माझ्याजवळ.